पेन्सिलीआधी कणीक

मूल चार वर्षांचे झाले की आपल्या घरांत घाई सुरू होते. किंडरगार्टन जवळ आलेले असते, शिवाय मराठी मागे पडू नये म्हणून 'अ, आ, इ' गिरवायला बसवले जाते. मूल पेन्सिल मुठीत धरते, दोन ओळींत "हात दुखतो" म्हणते आणि आपण त्याला आळशी ठरवतो. पुष्कळदा तो आळस नसतो. हाताची तयारीच झालेली नसते.

मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात. एकेक करून ती टणक होतात आणि शेवटचे हाड तयार व्हायला साधारण ९ ते १२ वर्षे लागतात. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत पेन्सिल धरण्याची पकड बहुतेक मुलांना चौथ्या ते सहाव्या वर्षांच्या दरम्यान जमते. तोवर हाताला ताकद देणारी कामे द्यावीत. ती आपल्या स्वयंपाकघरातच आहेत:

१. पोळ्यांच्या कणकेचा गोळा मळायला, लाटायला द्या. पंजा आणि मनगट दोन्ही बळकट होतात.

२. मटार सोलणे, रांगोळी चिमटीने सोडणे, कपड्यांचे चिमटे दाबून लावणे यांत लिहिण्याचीच तीन बोटे काम करतात. तीन वर्षांखालील मुलांजवळ मात्र मटार, चणे, मणी ठेवू नका. घशात अडकण्याचा धोका असतो.

३. लांब क्रेयॉनऐवजी बोटभर तुकडा द्या. तो मुठीत धरता येत नाही, त्यामुळे बोटे आपोआप नीट बसतात.

४. कागद भिंतीवर चिकटवून चित्र काढू द्या. मनगट योग्य कोनात राहते आणि खांदाही काम करतो.

५. पार्कमधल्या मंकी बारला लोंबकळू द्या. खांदा स्थिर असेल तरच बोटे नीट चालतात.

रोज दहा-पंधरा मिनिटे, तीही खेळ म्हणून, पुरेशी आहेत.

मूल डावखुरे असेल तर आजी-आजोबांनी कितीही आग्रह केला तरी हात बदलायला लावू नका. तो दोष नव्हे.

पाच-साडेपाच वर्षांनंतरही बटण लावणे, कात्री चालवणे जमत नसेल, किंवा एक हात मूल वापरायचेच टाळत असेल, तर पीडियाट्रिशियनला सांगा. अमेरिकेत तीन वर्षांपुढील मुलाच्या विकासात अडचण असल्याची शंका आल्यास पालक स्कूल डिस्ट्रिक्टकडे तपासणीची लेखी विनंती करू शकतात. 'आयडिया' या केंद्रीय कायद्यानुसार डिस्ट्रिक्टने केलेल्या तपासणीचे पैसे पडत नाहीत. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

हात दुखत असताना गिरवून घेतलेल्या अक्षरांनी मराठीचाच कंटाळा येतो. आधी हात तयार होऊ द्या. मग 'क्ष' आणि 'ज्ञ'सुद्धा वळणदार येतील.