दोन घरे आणि सहावीचा वर्ग

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा होय. येथे पाऊल ठेवताना मुलाचे बरेच काही बदलते. प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात, जुने सवंगडी पांगतात. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या डोंगराळ गावातील कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न येऊ शकतो : मुलाने रोज जव्हार-मोखाड्याकडे ये-जा करावी, की नातलगांकडे वा वसतिगृहात राहावे? आईवडील विभक्त असतील, तर हाच प्रश्न ‘नेमके कोणाकडे राहायचे?’ असा जिव्हारी लागणारा होतो.

हिंदू विवाह कायदा, १९५५ जैन समाजालाही लागू आहे. त्याच्या कलम २६ नुसार न्यायालय अपत्याचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी आदेश देते. शक्य तेथे अपत्याची इच्छाही विचारात घेते. पुढे परिस्थिती पालटल्यास हे आदेश बदलून घेता येतात. मूल पाच वर्षांचे असताना ठरलेली व्यवस्था अकराव्या वर्षी सोयीची असेलच असे नाही. म्हणून जून उजाडण्यापूर्वी दोघांनी तिचा फेरविचार करावा.

प्रवेश अर्जावर सही कोणाची, हा वादही मुलासमोर नसावा. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आईची सही पुरेशी मानली गेली नाही, तेव्हा गीता हरिहरन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ च्या त्या निकालाने स्पष्ट केले की, वडील हयात असले तरी मुलाचा सांभाळ प्रत्यक्षात त्यांच्याकडे नसेल, तर आईही नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते.

कायद्याइतकेच घरातील वागणेही महत्त्वाचे. शाळेची वेळ, शिकवणी, पर्युषण आणि दिवाळीची सुट्टी कोणाकडे, हे आधी ठरवून मुलाला सांगावे. फीचा निरोप त्याच्या हाती धाडू नये. वर्गशिक्षकांना परिस्थितीची मोजकी कल्पना द्यावी. सकाळी वारंवार पोट दुखणे, अबोला, अभ्यासातील घसरण यांवर रागावण्यापूर्वी कारण शोधावे. आजी-आजोबांनी दुसऱ्या पक्षाची निंदा मुलाच्या कानी पडू देऊ नये. ती त्याच्या आईची किंवा वडिलांचीच निंदा असते.

भागीदारी मोडली, तरी तिच्या काळातील देणी दोन्ही भागीदारांवर राहतात, हे व्यापारी माणसाला सांगावे लागत नाही. संसार मोडला, तरी मुलाचे शिक्षण आणि त्याचे मनःस्वास्थ्य ही जबाबदारी दोघांच्याच खाती राहते.