मासे, दूध आणि चीजचं बिस्किट: अमेरिकेतला 'सीफूड पॉट पाय' फसतो कुठे आणि जमतो कसा?

ओव्हनमधून काचेचं भांडं बाहेर येतं. वर सोनेरी, चीजचे डाग पडलेले गोळे, कडेने पांढऱ्या सॉसचे बुडबुडे. फोटोसाठी एकदम परफेक्ट. पण चमचा आत घातल्यावर कळतं की गोळ्यांचा तळ कच्च्या कणकेसारखा चिकट आहे, कोळंबी रबरासारखी झाली आहे आणि सॉसचं पाणी झालंय. बाजारातून महाग कोळंबी आणि सुरमई आणून असं झालं, तर हळहळ वाटणारच.

'क्रीमी सीफूड पॉट पाय विथ चीज बिस्किट' हा अमेरिकी पदार्थ सध्या रेसिपी व्हिडिओंमध्ये सतत दिसतो. व्हिडिओत तो तीस सेकंदांत होतो, घरी मात्र वर सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणी हमखास फसतो. असं का होतं आणि ते कसं टाळायचं, ते समजून घेऊ. त्याआधी आपल्याकडे सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्नही बघू: मासे आणि दूध एकत्र चालतं का?

पॉट पाय म्हणजे नेमकं काय?

मांस किंवा मासे आणि भाज्या दाट सॉसमध्ये शिजवायच्या, त्यावर पिठाचं झाकण घालून भाजायचं, म्हणजे पॉट पाय. अमेरिकेत याचा सगळ्यात ओळखीचा प्रकार चिकनचा. १९५० च्या दशकात फ्रोझन पॉट पाय दुकानांत मिळू लागले आणि तो घराघरातला झटपट जेवणाचा पदार्थ झाला.

समुद्रकाठच्या राज्यांत चिकनची जागा मासळीने घेतली. ईशान्येकडच्या मेन राज्यात शेवंड म्हणजे लॉब्स्टर, मेरीलँडच्या चेसापीक खाडीच्या परिसरात खेकडे, दक्षिणेत कोळंबी. जे ताजं मिळेल ते पायमध्ये जातं.

ब्रिटनमध्येही 'फिश पाय' आहे, पण त्याच्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर असतो. अमेरिकेत वर पिठाची पोळी किंवा बिस्किटं असतात. काही जाणकार बिस्किटवाल्या प्रकाराला 'कॉबलर' म्हणतात. नाव काहीही घ्या, काम तेच.

हे बिस्किट चहात बुडवायचं नाही

आपल्याकडे बिस्किट म्हणजे गोड, कुरकुरीत आणि चहासोबतचं. अमेरिकेतलं बिस्किट वेगळं. ते यीस्ट न घालता, बेकिंग पावडरवर फुगवलेला छोटा मऊ पाव असतो. बाहेरून खारीसारखा खुसखुशीत, आतून लुसलुशीत.

त्यात चेडर चीज आणि लसूण घालण्याची पद्धत लोकप्रिय करण्यात 'रेड लॉब्स्टर' या रेस्टॉरंट साखळीचा मोठा हात आहे. १९६८ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलँड इथे सुरू झालेल्या या साखळीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेवणासोबत गरम चेडर बिस्किटं द्यायला सुरुवात केली. मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पण बिस्किटांची लोकप्रियता कायम राहिली, ती घरी करण्याचं तयार पीठही अमेरिकी दुकानांत मिळतं. मासे आणि चीज बिस्किट ही जोडी तिथल्या लोकांच्या जिभेवर आधीपासून असल्याने ती पायवर चढणं ओघानेच आलं.

आणि मसाला कुठून आला?

या पायमध्ये बऱ्याचदा 'ओल्ड बे' नावाचा मसाला घालतात. तो तयार करणारे गुस्ताव्ह ब्रुन हे जर्मनीतले ज्यू मसाला व्यापारी. नाझींनी त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबलं होतं. तिथून सुटका झाल्यावर ते कुटुंबासह अमेरिकेत बाल्टिमोरला आले. १९३९ मध्ये त्यांनी तिथे मसाल्याचा व्यवसाय सुरू केला आणि खेकडे उकडणाऱ्यांसाठी हे मिश्रण बनवलं. चेसापीक खाडीतून जाणाऱ्या एका जुन्या बोट कंपनीवरून त्याला नाव मिळालं. आज मेरीलँडमध्ये खेकडा आणि ओल्ड बे हे समीकरण आपल्याकडच्या बांगडा आणि तिरफळासारखं पक्कं आहे.

डबा मिळाला नाही तरी अडत नाही. काश्मिरी मिरची पूड, मिरपूड, किंचित मोहरीची पूड, तमालपत्र आणि चिमूटभर ओवा वापरला तरी त्या चवीच्या जवळपास जाता येतं. मूळ मसाल्यात सेलरीचा स्वाद असतो. सेलरी आणि ओवा एकाच वनस्पती कुळातले आहेत.

मासे आणि दूध: खायचं की नाही?

मासे खाल्ल्यावर दूध प्यायलं तर अंगावर कोड उठतं, असं अनेक घरांत सांगितलं जातं. आयुर्वेदात मासे आणि दूध हा 'विरुद्ध आहार' मानला आहे आणि चरकसंहितेत तसा उल्लेख आहे. त्यामुळे ही समजूत फार जुनी आहे.

आधुनिक वैद्यकशास्त्र काय सांगतं? कोड हा ऑटोइम्यून आजार मानला जातो. म्हणजे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करते. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने तो होतो, याला शास्त्रीय पुरावा नाही. तो संसर्गजन्यही नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण 'काहीतरी चुकीचं खाल्लं असेल' असा ठपका आजही कोड असलेल्या माणसांवर ठेवला जातो.

खरी काळजी दोन गोष्टींची घ्यायची. कोळंबी, खेकडा, शेवंड अशा कवचाच्या प्राण्यांची अ‍ॅलर्जी असेल तर हा पदार्थ टाळायचा. दूध पचत नसेल तरीही तेच. आणि श्रद्धेने हा नियम पाळायचा असेल, तर सॉस तेल आणि नारळाच्या दुधात करून वर चीज आणि लोणी नसलेलं झाकण घालता येतं. चव कोकणाकडे झुकेल, पण तंत्र तेच राहील.

पहिली अडचण: सॉस पातळ का होतो?

या सॉसचा पाया म्हणजे 'रू', म्हणजे लोण्यात परतलेला मैदा. मैद्यातलं स्टार्च गरम द्रवात फुगतं आणि सॉस दाट होतो. लोण्यामुळे मैद्याचे कण सुटे राहतात, म्हणून गुठळ्या होत नाहीत.

पण मासळी शिजताना पाणी सोडते. त्यामुळे हवा तेवढाच दाट सॉस केला, तर शेवटी तो पातळच होणार. सॉस मुद्दाम जास्त दाट करायचा. पळीवरून बोट फिरवलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे.

मासळी कोणती घ्यायची, हेही इथे महत्त्वाचं. रावस, सुरमई, घोळ असे घट्ट मासे तुकडा धरून राहतात. बोंबील यासाठी नको, त्यात पाणीच फार. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात फ्रोझन कोळंबी वापरायची तर ती फ्रीजमध्ये पूर्ण वितळू द्यायची आणि कापडाने टिपून कोरडी करायची.

दुसरी अडचण: कोळंबी रबर का होते?

माशांचे स्नायू चिकन किंवा मटणापेक्षा कमी तापमानाला शिजतात. मध्यम कोळंबीला गरम सॉसमध्ये काही मिनिटं पुरतात. त्यापुढे प्रथिनं आकसत जातात, आतलं पाणी बाहेर पडतं आणि कोळंबी चिवट होते. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शनानुसार मासे ६३ अंश सेल्सिअसपर्यंत शिजले की सुरक्षित. थर्मामीटर नसेल तर कोळंबी पारदर्शक न राहता पांढरी-गुलाबी व्हायला हवी आणि माशाचा तुकडा काट्याने सहज सुटायला हवा.

तिसरी अडचण: बिस्किट खालून कच्चं का राहतं?

इथे खरी गोम आहे. बिस्किटाला ओव्हनमध्ये साधारण २० मिनिटं लागतात. मासळीला त्याच्या निम्माही वेळ नको. बिस्किट होईपर्यंत थांबलं तर कोळंबी रबर होते, कोळंबी वाचवली तर बिस्किट कच्चं राहतं. त्यात सॉस गार असेल तर बिस्किटाला वरून उष्णता मिळते आणि खालून फक्त ओल.

यावर उपाय सोपा आहे. बिस्किटं आधी वेगळ्या ट्रेवर अर्धी भाजून घ्यायची. त्यामुळे त्यांचा तळ वाळतो. मग ती उकळत्या सॉसवर ठेवून उरलेली अर्धी भाजायची. मासळी सॉसमध्ये अगदी शेवटी, कच्चीच घालायची. फ्रीजमधली थंड मासळी पडली की सॉसचं तापमान एकदम खाली येतं, त्यामुळे ती ओव्हनमध्ये हळूहळू शिजते.

आता करायचं कसं? (४ ते ५ जणांसाठी)

*सारणासाठी:* ३०० ग्रॅम मध्यम कोळंबी (सोलून, काळा दोरा काढून, सालं ठेवायची), ३०० ग्रॅम बिनकाट्याचा रावस किंवा सुरमई, १ कांदा, १ गाजर, २ सेलरीचे दांडे (नसतील तर अर्धी सिमला मिरची), अर्धी वाटी मटार, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम मैदा, २०० मिली दूध, १०० मिली क्रीम, १ चमचा मसाला, लिंबू, मीठ.

*बिस्किटांसाठी:* २०० ग्रॅम मैदा, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, ७० ग्रॅम थंडगार लोणी, १०० ग्रॅम किसलेलं चेडर, सुमारे १७० मिली दाट ताक.

१. सालांचा रस्सा. कोळंबीची सालं आणि डोकी चमचाभर लोण्यात लाल होईपर्यंत परता. ६०० मिली पाणी घालून २० मिनिटं मंद उकळा आणि गाळा. साधारण ४०० मिली रस्सा उरायला हवा. सालांमधला लालसर रंग उष्णतेने मोकळा होतो आणि लोण्यात उतरतो. चवीचा मोठा भाग इथेच मिळतो, त्यामुळे सालं फेकू नका.

२. बिस्किटाचं पीठ. ओव्हन २१० अंशांवर तापत ठेवा. कोरडे जिन्नस एकत्र करा, त्यात थंड लोणी बोटांच्या टोकांनी मटाराएवढे तुकडे राहतील इतपतच चोळा. ओव्हनमध्ये हे तुकडे वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि बिस्किट हलकं होतं. लोणी आधीच वितळलं तर हे होत नाही, म्हणून मुंबईच्या उकाड्यात भांडं मध्येच फ्रीजमध्ये ठेवलेलं बरं. चीज आणि ताक घालून चमच्याने जेमतेम एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखं मळलं तर ग्लुटेन तयार होऊन बिस्किट चिवट होतं. ताकाची आंबट चव इथे सोड्याशी क्रिया होण्यासाठी हवी. आपलं ताक पातळ असेल तर दह्यात थोडं पाणी घालून वापरा.

३. अर्धी भाजणी. मोठ्या लिंबाएवढे ८–९ गोळे ट्रेवर टाकून १० मिनिटं भाजा. अजून फिकट असतानाच बाहेर काढा.

४. सॉस. बिस्किटं ओव्हनमध्ये असतानाच कांदा, गाजर, सेलरी लोण्यात मऊ करा. मैदा घालून दोन मिनिटं परता, रंग बदलू देऊ नका. गरम रस्सा थोडा थोडा घालत ढवळा, मग दूध आणि क्रीम. उकळी येऊन दाट होऊ द्या. मसाला, मटार, मीठ घाला. चीज खारट असतं, त्यामुळे मीठ बेताने.

५. मासळी. उकळत्या सॉसमध्ये मासे आणि कोळंबी घाला, एक मिनिट हलक्या हाताने ढवळा, लिंबू पिळा आणि लगेच भाजायच्या भांड्यात ओता.

६. शेवटची भाजणी. वर बिस्किटं ठेवा, मध्ये थोड्या फटी राहू द्या म्हणजे वाफ बाहेर पडेल. कडेने बुडबुडे येईपर्यंत आणि वरून सोनेरी होईपर्यंत साधारण १२ ते १५ मिनिटं भाजा. मधला माशाचा तुकडा शिजला आहे का तपासा. बाहेर काढून वितळलेलं लसूण-लोणी लावा आणि १० मिनिटं थांबा. तेवढ्यात सॉस बसतो.

चेडर नसेल तर?

मुरलेल्या चेडरची तिखटसर चव मैद्यात आणि क्रीममध्ये टिकून राहते. साधं प्रोसेस्ड चीज चालेल, पण ते सौम्य असतं आणि त्यातले क्षार ते एकजीव ठेवतात, त्यामुळे त्याचे खरपूस डाग तसे पडत नाहीत. चिमूटभर मोहरीची पूड घातली की चव थोडी वर येते.

उरलं तर?

मासळी आणि दूध दोन्ही लवकर खराब होतात. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं, हवा ३२ अंशांपेक्षा गरम असेल तर तासाभरातच. बिस्किटं वेगळ्या डब्यात ठेवली तर भिजत नाहीत. दुसऱ्या दिवशी सारण गॅसवर आणि बिस्किटं ओव्हनमध्ये गरम करा.

आणि पाहुणे यायचे असतील तर रस्सा आणि सॉस सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवता येतो. मात्र बिस्किटाचं ओलं पीठ करून ठेवू नका. ताक पडताच सोड्याचं काम सुरू होतं, ते कोणासाठी थांबत नाही. ते पाहुणे दारात आल्यावरच भिजवा.