कपाटांतला अग्निबाण आणि माळावरचा अग्निबाण



अग्निबाण ही वस्तु आपल्या देशास नवी नाहीं. मराठ्यांच्या फौजांत बाणांचा मारा होत असे. म्हैसूरकरांच्या लोखंडी नळीच्या बाणांनीं तर इंग्रजांस इतकें बेजार केलें कीं, पुढें त्यांनीं ते बाण विलायतेस नेऊन त्यांचा अभ्यास केला व तशाच धर्तीचे बाण स्वतःच्या सैन्यांत आणले. २०१८ सालीं शिमोगा जिल्ह्यांतील नगर या गांवीं एका जुन्या विहिरींतून असे हजारावर बाण निघाले. त्या बाणांस लांबलचक बांबू बांधीत. दिवाळींत आपण बाटलींत उभा करून सोडतों त्या बाणासहि काडी असतेच. ही काडी कशासाठीं असते, हा प्रश्न मी आरंभींच आपणांपुढें ठेवतों. कारण आजच्या विषयाचें बरेंचसें मर्म त्या काडींत आहे.

विषय आहे अग्निबाणाची प्रमाणबद्ध प्रतिकृति तयार करणें आणि तींत फेरफार करणें. १४ जुलै २०२३ रोजीं चांद्रयान-३ घेऊन एल. व्ही. एम. ३ हा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. तें दृश्य पाहणाऱ्या कोणत्याहि मुलाच्या मनांत दोन इच्छा एकदम उत्पन्न होतात : असा अग्निबाण आपण हुबेहूब करावा, आणि तो उडवावा. या दोन इच्छा वस्तुतः एकच आहेत अशी त्याची समजूत असते. परंतु त्यांचें आपसांत भांडण आहे, आणि तें मिटविण्यांतच या छंदाची सारी गोडी आहे.

शिरूर आणि दौंड या भीमाकांठच्या तालुक्यांतील मुलांनीं हा विषय परका मानण्याचें कारण नाहीं. दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर येथें साखर कारखान्यांचीं यंत्रें घडविणारा जो मोठा कारखाना आहे, त्याच कारखान्यानें आपल्या पी. एस. एल. व्ही. या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचीं पोलादी कवचें घडविलीं आहेत. पांच तुकडे जोडून होणारी ही २० मीटर लांबीची नळी, व्यास २.८ मीटर, आणि तिच्या पोटांत सुमारें १३८ टन घन इंधन मावतें. घन इंधनाचा विषय निघाला म्हणजे डॉ. वसंत गोवारीकर यांचें नांव घ्यावेंच लागतें. त्यांचा जन्म पुण्याचा. १८ जुलै १९८० रोजीं एस. एल. व्ही.-३ या अग्निबाणानें रोहिणी उपग्रह कक्षेंत नेऊन सोडला, तेव्हां विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक होते.

आतां प्रतिकृतीकडे वळूं. आरंभास एकास शंभर हें प्रमाण फार सोयीचें. मुळांतला एक मीटर म्हणजे आपला एक सेंटिमीटर. पी. एस. एल. व्ही.ची उंची ४४ मीटर, म्हणून प्रतिकृति ४४ सेंटिमीटर. मुख्य नळीचा व्यास २.८ सेंटिमीटर, माथ्यावर उपग्रहास झांकणाऱ्या टोपणाचा ३.२, आणि मोठ्या जातीच्या पी. एस. एल. व्ही.स बुडाशीं जे सहा पूरक बाण बिलगलेले असतात, ते प्रत्येकीं एक सेंटिमीटर जाड व बारा सेंटिमीटर लांब. तयार संच मिळाला तर नळ्या कापलेल्या व छापलेल्या येतात. न मिळाल्यास जाड कागद गोल दांड्यावर खळीनें गुंडाळून नळी करावी आणि टोपणासाठीं पांगाऱ्यासारखें हलकें लाकूड कोरावें. मात्र एक गोष्ट ध्यानांत असावी. एक मिलिमीटर जाडीचा दोरा चिकटवून आपण बाहेरील वाहिनी दाखविली, तर मुळांत ती दहा सेंटिमीटर जाडीची आहे असें आपण सांगितल्यासारखें होतें. जें बारीक दाखवितां येत नाहीं तें न दाखविणें बरें. रंगाचीहि तीच गोष्ट. तिसरा हात दिला कीं अक्षरें बुजतात आणि प्रतिकृति खेळण्यासारखी दिसूं लागते.

अशी प्रतिकृति कपाटांत ठेवावयाची असेल तर काम येथें संपलें. ती उडवावयाची म्हटली कीं पहिली अडचण वजनाची येते. लांबी शंभरावा हिस्सा झाली म्हणून वजन शंभरावा हिस्सा होत नाहीं. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनीं वस्तु लहान झाल्यामुळें वजन दहालक्षांश होतें. ३२० टनांच्या पी. एस. एल. व्ही.चें दहालक्षांश वजन ३२० ग्रॅम भरतें. आपली कागदी नळी आंतून पोकळ असल्यामुळें त्याहून पुष्कळच हलकी असते, आणि मूळ अग्निबाणांत वजन जेथें जेथें असतें तेथें तेथें तें आपल्या नळींत नसतें. अर्थात् डोळ्यांना जें हुबेहूब दिसतें तें तराजूला हुबेहूब नसतें.

दुसरी अडचण काडीची. कोणतीहि वस्तु हवेंतून जातांना डुलते, तेव्हां ती आपल्या गुरुत्वमध्याभोंवतीं डुलते. ती किंचित् तिरपी झाली कीं समोरची हवा तिच्या कुशीवर आदळते. या साऱ्या दाबाचा जोर जणूं एका बिंदूंत एकवटतो. त्यास आपण दाबमध्य म्हणूं. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागें असेल, तर हवा शेपटीस ढकलून तोंड पुन्हां सरळ करते. देवळाच्या किंवा वेधशाळेच्या शिखरावरील वातदर्शक असाच वाऱ्याकडे तोंड करतो. तो पुढें असेल, तर हवा तोंडासच आणखी वळविते, आणि बाण कोलांट्या खातो. दिवाळीच्या बाणाची काडी हवेस धरण्याकरितां दूर मागें पृष्ठभाग पुरविते, म्हणून बाण सरळ जातो. काडी मोडलेला बाण अंगणांत कसा सैरावैरा धांवतो, हें बहुतेकांनीं पाहिलें असेल.

पी. एस. एल. व्ही.ला काडी नाहीं, आणि तोल राखतील असे मोठे पंखहि नाहींत. त्याच्या पोटांत दिशा ओळखणारीं उपकरणें असून, पहिल्या टप्प्याच्या धुरांड्यांत एका बाजूनें स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचें द्रावण सोडून झोताची दिशा किंचित् वळविली जाते. म्हणजे तो क्षणोक्षणीं स्वतःला सांवरीत जातो. आपल्या पुठ्ठ्याच्या नळीस ही बुद्धि नाहीं. म्हणून पी. एस. एल. व्ही.ची जितकी अचूक प्रतिकृति, तितकी ती उडविल्यावर कोसळण्याची खात्री अधिक. हें मुलांना प्रथम खरें वाटत नाहीं. पण मुळाशीं इमानी राहिल्यामुळेंच ती पडते!

यावर उपाय दोन. एक, शेंड्यांत वजन घालावयाचें. टोपणांत मातीचा गोळा दाबून बसविला कीं गुरुत्वमध्य पुढें सरकतो व बाहेरून कांहीं दिसत नाहीं. दुसरा, बुडाशीं पंख लावावयाचे. ते पारदर्शक प्लॅस्टिकचे असले तर थोड्या अंतरावरून दिसत नाहींत. परदेशांतील स्पर्धांत उडत्या प्रतिकृतींची निराळी शाखाच आहे. तेथें मूळ अग्निबाणाचीं चित्रें व मापें परीक्षकांपुढें ठेवावीं लागतात आणि शिवाय प्रतिकृति उडवून दाखवावी लागते. माझें मत विचाराल तर केवळ वजनावर भिस्त ठेवूं नये. वजन वाढलें कीं उंची घटते आणि खालीं येणारी वस्तु अधिक धोक्याची होते. थोडें वजन आणि चार पारदर्शक पंख हा मध्यममार्ग उत्तम. ज्यांना पंख लपविण्याचा खटाटोप नको, त्यांनीं मुळांतच पंख असलेला अग्निबाण निवडावा : एस. एल. व्ही.-३ किंवा रोहिणी मालिकेंतील एखादा.

गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढें निदान एका व्यासाइतका असावा, असा कामाचा नियम आहे. गुरुत्वमध्य शोधणें सोपें. बाण बोटावर तोलून धरावा. दाबमध्यासाठीं बाणाची बाजूनें दिसणारी आकृति पंखांसकट पुठ्ठ्यावर काढून कापावी आणि तो पुठ्ठा पट्टीच्या धारेवर तोलावा. जेथें तो तोलतो तेथें दाबमध्य आहे असें स्थूलमानानें समजावें. नंतर बाणाच्या गुरुत्वमध्याशीं दोरी बांधून तो डोक्याभोंवतीं गरगर फिरवावा. तोंड पुढें ठेवून फिरला तर ठीक. शेपूट पुढें करूं लागला, तर पंख मोठे करावे.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न : उडवावयाचा कशानें? अमेरिकेंत नेब्रास्का प्रांतांत जोडे विकणारा ऑर्व्हिल कार्लाइल नांवाचा एक गृहस्थ होता. त्यानें १९५४ सालीं लहान अग्निबाण व त्यास बसेल अशी तयार, बंद नळकांडी केली. मुलें घरीं दारू ठासून बाण करीत आणि हात-डोळे गमावीत, अशा त्या काळांत दारूस मुलाचा हात लागूंच नये ही त्याची कल्पना पुढें या छंदाचा पायाच झाली. तीं नळकांडीं आपल्याकडे सहजासहजीं मिळत नाहींत, आणि १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याप्रमाणें परवान्यावांचून तसली दारू तयार करणें हा गुन्हा आहे. म्हणून कित्येक फटाके फोडून त्यांतली दारू काढण्याच्या भरीस पडतात. पालकांनो, हें कृपा करून होऊं देऊं नका. शिवाय आपल्या भागांत दुसरेंहि भय आहे. शिरूर-दौंडच्या बागायती पट्ट्यांत उसाचें वाळलें पाचट पसरलेलें असतें. एक ठिणगी पडली तर कोणा शेतकऱ्याचें वर्षाचें पीक घटकेंत खाक होईल.

सुदैवानें अग्नीवांचूनहि बाण उडतो. शीतपेयाची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी, तींत एक तृतीयांश पाणी भरावें, तोंडास रबरी बूच बसवून त्यांतून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढावा, बाटली घडवंचीवर उलटी उभी करावी आणि लांब नळी जोडून पंपानें हवा भरावी. दाब वाढतां वाढतां बूच सुटतें, पाणी खालीं धांवतें आणि बाटली वर जाते. नुसती हवा भरून हें काम तितकें साधत नाहीं. हवा हलकी असल्यामुळें ती मागें फेकून मिळणारा रेटा थोडा. दर चौरस इंचास ४० पौंड दाब असेल तर पाणी सेकंदास सुमारें २३ मीटर वेगानें बाहेर पडतें आणि बाटलीच्या तोंडाशीं क्षणभर सुमारें वीस किलो वजनाएवढा जोर उत्पन्न होतो. हा खेळ डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत आटोपतो, पण तेवढ्यांत बाणाच्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण येतो. सहा पूरक बाण नुसत्या डिंकानें चिकटविलेले असले तर ते जमिनीवरच राहतात! ते दोऱ्यानें आंवळून मग डिंक लावावा.

येथें संचाचें प्रमाण बदलतें; प्रमाण आपण ठरवीत नाहीं, बाटली ठरविते. पाऊण लिटरच्या बाटलीची जाडी सात सेंटिमीटरच्या आसपास असते. पी. एस. एल. व्ही.च्या २.८ मीटरांशीं ती ताडून पाहिली कीं एकास चाळीस हें प्रमाण निघतें. मग उंची एक मीटर दहा सेंटिमीटर, टोपण आठ सेंटिमीटर. आणि एक मौज पहा : २० नोव्हेंबर १९६७ रोजीं थुंब्याहून उडालेला आपल्या देशाचा पहिला स्वदेशी अग्निबाण आर. एच. ७५ हा अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा होता. म्हणजे त्याच बाटलीवर त्याची प्रतिकृति जवळजवळ मूळच्याच जाडीची होते.

बाटली काचेची किंवा धातूची कधींहि नसावी. फेंसाळणाऱ्या पेयाचीच घ्यावी, कारण ती दाब सोसण्यासाठींच केलेली असते. ओरखडा पडलेली टाकून द्यावी. पंख बाटलीस गरम डिंकानें चिकटवूं नयेत, उष्णतेनें ती जागा दुबळी होते. पुठ्ठ्याची बाही करून तीस पंख लावावे व ती बाटलीवर चढवावी. हवा भरणाऱ्यानें लांब उभें राहावें, बाकीच्यांनीं त्याहून लांब, आणि दाब असतां बाटलीवर कोणीं वांकूं नये. सोडण्यासाठीं हिंवाळ्यांतील सकाळ बरी, तेव्हां वारा बहुधा निपचित असतो. दौंडकडील मुलांनीं लोहमार्गापासून दूर जावें. त्यावरील तारांत २५,००० व्होल्टांचा प्रवाह असतो आणि ओला बाण त्यांवर अडकला तर काढण्यास कोणीं जाऊं नये.

शिरूरकडे मोकळे माळ पुष्कळ आहेत. परंतु माळाच्या कडेला ऊस असेल आणि बाण त्यांत जाऊन पडला, तर तो तेथेंच राहूं द्यावा. अलीकडे या दोन्ही तालुक्यांतील फडांत बिबट्यांनीं ठाणें दिलें आहे. फडांत शिरून बाण शोधणें मुलांचें काम नव्हे. ऊस तुटेल तेव्हां तोडणीवाल्यांना तो सांपडेल. तोंवर दुसरी बाटली घ्यावी.