लास कासासचे पाच दिवस

१५५० साली स्पेनमध्ये व्हॅलाडोलिडला पंडितांची सभा भरली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना तलवारीच्या जोरावर अंकित करणे न्याय्य काय? सेपुल्वेदाने अॅरिस्टॉटलचा आधार काढला : काही माणसे जन्मतःच दास! उलट पादरी लास कासास पाच दिवस आपला ग्रंथ वाचीत होता. (श्रोत्यांची मला दयाच येते.) या गृहस्थाने १५१४ साली स्वतःचे वेठबिगार सोडून दिले होते, हे वाचून मी मनोमन हात जोडले. अन् पुढे पाहतो तो, त्या रहिवाशांचे हाल वाचावेत म्हणून १५१६ साली यानेच काळे गुलाम आणण्याची सूचना केलेली! जोडलेले हात तसेच राहिले. म्हातारपणी त्याने आपल्या इतिहासग्रंथात या चुकीची कबुली दिली. तो ग्रंथ छापला गेला १८७५ साली.