तोच कोड, तोच डेटा, मग उत्तर वेगळं का?

लॅबमध्ये नवीन मॅकबुक आलं की पहिला प्रश्न असतो, “आपला कोड यावर चालेल ना?” बहुतेक वेळा चालतो. पण रिसर्च करायचा असेल तर पुढचा प्रश्नही विचारा: उत्तर तेच येईल का?

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने इंटेल सोडून स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले. इंटेलचे प्रोसेसर एक्स८६ सूचना समजतात, एम१ एआरएमच्या. त्यामुळे जुना तयार प्रोग्रॅम नव्या चिपला कळतच नाही. मधे दुभाष्या म्हणून रोझेटा २ दिला. पण एका कोअरने मेमरीत लिहिलेलं दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसेल, याबाबत एक्स८६ कडक आणि एआरएम सैल. म्हणून एम१ मध्ये एक्स८६ चा क्रम पाळणारा खास मोड हार्डवेअरमध्येच टाकला गेला. तुम्ही कोड एआरएमसाठी नव्याने कंपाइल केलात की ही सोय गेली. मग लॉक न लावता वर्षानुवर्षं ‘चालणारा’ मल्टिथ्रेडेड कोड कधीतरी चुकतो. रोज चुकला असता तर बरं, निदान सापडला असता!

आता आकडे. समजा, यंत्र तीनच सार्थ अंक ठेवतं आणि आपल्याला १.२३ × ४.५६ − ५.६० काढायचंय. गुणाकार ५.६०८८, तो झाला ५.६१, वजाबाकी ०.०१. पण गुणाकार-बेरीज एकाच सूचनेत केली तर राउंडिंग शेवटी एकदाच होतं आणि उत्तर येतं ०.००८८. या सूचनेला एफएमए म्हणतात. ६४-बिट एआरएममध्ये ती मुळातच आहे, एक्स८६ च्या मूळ संचात नाही. त्यामुळे जीसीसी नेहमीच्या ऑप्टिमायझेशनवर एआरएमसाठी ती आपणहून वापरतो, एक्स८६ साठी वेगळं सांगावं लागतं. गंमत म्हणजे नवं उत्तर बहुधा जास्त अचूक असतं, फक्त तुमच्या जुन्या तक्त्याशी जुळत नाही.

‘लाँग डबल’ची तऱ्हा आणखी वेगळी: इंटेल मॅकवर ८० बिट, एम१ वर साध्या डबलइतकेच ६४.

शंका आली तर एफएमएचं एकत्रीकरण बंद करून एकदा चालवून बघा. फरक गेला तर कारण सापडलं. निकालांची तुलना ‘बरोबर समान’ अशी करू नका, किती फरक चालेल ते आधी ठरवा. मॉलिक्युलर डायनॅमिक्ससारख्या सिम्युलेशनमध्ये मात्र तेही पुरत नाही. तिथे शेवटच्या अंकातला फरक वाढत जाऊन कणांचे मार्गच बदलतात, म्हणून दोन्ही मशीनवर अनेक रन घेऊन सरासरी आणि विचलन जुळतं का ते पाहायचं.