गाडी उभी राहिली की बीळ होते

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते. पुढे घाट लागतो, सदतीस फुटांना एक फूट चढणारा. जादा इंजिनं जोडल्याशिवाय बहुतेक एक्स्प्रेस गाड्यांनाही इगतपुरी गाठता येत नाही. पहाटेच्या अंधारात पाड्यापाड्यांवरून कसाऱ्याला येणाऱ्या चाकरमान्यांची वाट मात्र उलट दिशेची. मोटरसायकल स्टेशनाबाहेर लावायची आणि सीएसएमटीची लोकल पकडायची. अंतर सुमारे 120 किलोमीटर. जायला अडीच तास, यायला अडीच तास, मधे आठ-नऊ तासांची नोकरी. म्हणजे ही मोटरसायकल दिवसाकाठी जेमतेम तासभर धावते आणि चौदा तास एका जागी उभी असते. खर्डी, आटगाव, आसनगाव, वाशिंद, सगळ्या स्टेशनांबाहेर हाच हिशेब.

मग एखाद्या संध्याकाळी सेल्फ लागत नाही. मेकॅनिक सीट काढतो, बाजूचं प्लॅस्टिकचं कव्हर काढतो आणि आधी नुसता हसतो. आत भाताचा पेंढा, वेफर्सच्या पाकिटाच्या चिंध्या, सीटमधला फोम कुरतडून केलेला भुगा, आणि या सगळ्याची मधोमध खोलगट अशी गोल गादी. शेजारी काळ्या लेंड्या. वायरींचं रंगीत आवरण सोललेलं, तांब्याची तार उघडी. आवरण जरा जवळून पाहिलं तर त्यावर जोडीजोडीने बारीक चर दिसतात. समोरच्या दोन दातांची ती खूण.

या दातांपाशी थोडं थांबायला हवं, कारण प्राणिजगातल्या थक्क करणाऱ्या हत्यारांत त्यांची गणना होते. उंदराचे पुढचे चार दात, वर दोन आणि खाली दोन, जन्मभर वाढत राहतात. खालचे आठवड्याला सुमारे तीन मिलिमीटर, वरचे दोन. झिजलेच नाहीत तर खालचा दात वर्षभरात पंधरा सेंटिमीटरच्या आसपास जाईल. दाताच्या फक्त पुढच्या अंगाला कठीण एनॅमल असतं, मागे तुलनेने मऊ डेंटिन. मऊ बाजू आधी झिजते, कठीण बाजू पुढे उरते, आणि सुताराच्या पटाशीसारखी तिरकी धार आपोआप येते. सुताराला पटाशी दगडावर घासावी लागते. उंदराची वापरता वापरता परजली जाते. एनॅमलमध्ये लोहाचा अंश असतो, म्हणून हे दात पिवळट-नारिंगी दिसतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर तांबं 3, लोखंड 4 आणि उंदराचं एनॅमल साधारण 5.5. वायरीवरच्या प्लॅस्टिकचा तिथे काय पाड लागणार?

याहून गमतीची गोष्ट तोंडाच्या रचनेत आहे. पुढच्या दातांमागे दाढांपर्यंत मोकळी जागा असते. कुरतडताना ओठ त्या जागेत आत वळतात आणि तोंड दातांच्या मागे बंद होतं. भुगा बाहेरच्या बाहेर पडतो, पोटात जात नाही. खालचा जबडा पुढे सरकला की पुढचे दात जुळतात, मागे गेला की दाढा. दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. म्हणजे कुरतडणं आणि खाणं हे उंदराचे दोन वेगळे उद्योग आहेत. तुमची वायर तो खात नाही, नुसती तोडतो.

कशासाठी? ‘दात शिवशिवतात म्हणून’ हे उत्तर आपण लहानपणापासून ऐकतो. पण उंदराचे दात बऱ्याच अंशी एकमेकांवर घासूनच आटोक्यात राहतात. त्यासाठी त्याला आपल्या गाडीची गरज नाही. तो कुरतडतो ते वाट मोकळी करायला, बिछान्यासाठी मऊ सामान काढायला, आणि अनोळखी वस्तू काय आहे ते कळून घ्यायला. आफ्रिकेत जमिनीखाली राहणारा, अंगावर केस नसलेला एक कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, आहे. मेंदूच्या ज्या भागात स्पर्श उमटतो, त्याचा जवळपास तिसरा हिस्सा त्याने नुसत्या पुढच्या दातांना दिलेला असतो. आपल्या उंदराचं इतकं टोक नसलं तरी दात हे त्याचंही स्पर्शाचं इंद्रिय आहे.

हल्लीच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनपासून काढलेले घटक असतात आणि उंदीर त्यांनाच भुलतात, असंही ऐकू येतं. अमेरिकेत काही ग्राहक हा मुद्दा घेऊन न्यायालयातही गेले. पण सोयाबीन वायरीत येण्याच्या कितीतरी आधी, टेलिफोनच्या केबलींवर शिशाचं आवरण असे तेव्हा, खारी ते शिसंही पोखरत होत्या. शिशात कसला आला खमंगपणा!

तेव्हा खरा प्रश्न असा, की उंदीर गाडीत शिरतोच का? उंदराची नजर अधू. तो जग चाचपतो ते मिशांनी. चालताना त्या सेकंदाला आठ-दहा वेळा पुढेमागे हलत असतात. उघड्यावर त्याला धास्ती वाटते, म्हणून एका अंगाला भिंत, बांध, लाकूड असं काही लागत असेल अशाच वाटेने तो जातो. कवटी शिरली की धड शिरतं: पिटुकल्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला बोटभर. अशा प्राण्याला उभी मोटरसायकल कशी लागते पाहा. टायरवरून वर चढायची वाट, आत अंधार, चारी बाजूंनी अंगाला लागणारं प्लॅस्टिक, पावसाला वर टाकी, आणि बराच वेळ कोमट राहणारं इंजिन. बांधात उकरून जे मिळवायचं ते इथे तयार मिळतं. वायरी वाटेत येतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

पूर्वी ही घुसखोरी फारशी खटकत नसे. कार्ब्युरेटरच्या गाडीत वायरी मोजक्याच. दिव्याची तुटली तरी किक मारून घर गाठता यायचं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर धुराचे बीएस-6 निकष आले, बहुतेक मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, त्याबरोबर सेन्सर आले, कंट्रोल युनिट आलं. आता सेन्सरची केसाएवढी तार तुटली तरी इंजिन रुसतं. उंदीर होता तसाच आहे, गाडी नाजूक झाली. पेट्रोलचा रबरी पाईप कुरतडला गेला तर मात्र प्रकरण खर्चावर थांबत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फचं बटण दाबूच नये.

हे दुखणं एकट्या आपल्या या शहापूर-मुरबाड पट्ट्याचं नाही. कॅलिफोर्नियातल्या मिनरल किंग खोऱ्यात मार्मोट नावाचे खारीच्या कुळातले लठ्ठ प्राणी गाड्यांचे होज आणि वायरी चावतात. तिथे डोंगर चढायला येणारे लोक अख्खी गाडी खालून-वरून ताडपत्रीत गुंडाळून ठेवतात. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये मार्टेन हा मुंगसाच्या चणीचा शिकारी प्राणी बॉनेटखाली शिरतो आणि तिथे दुसऱ्या नराचा वास आला की रागाने वायरींवर तुटून पडतो.

आपल्याकडे या गोष्टीला भाताचं वेळापत्रक आहे. पावसाने खाचरं तुंबली की बांधातल्या बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर कोरडी जागा शोधत वर सरकतात. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की शेतातलं अन्न संपतं. भात आणि पेंढा घराकडे येतो, त्यामागून उंदीर. नेमका तेव्हाच गारवा सुरू होतो. पेंढ्याच्या उडवीला किंवा गोठ्याच्या कुडाला टेकून लावलेली गाडी, पावसाळी काम आटोपून पडवीत ढकललेला पॉवर टिलर, हे सगळं त्यांच्या वाटेवरच असतं.

या भागातल्या कातकऱ्यांना उंदराची ही रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बांधातले उंदीर खणून काढणं हे त्यांचं जुनं कसब. उंदीर खायला होतात आणि बिळात साठवलेलं भातही हाती लागतं. शेतातला काळा उंदीर बिळाचं तोंड आतून मातीने बुजवतो. त्यामुळे कुठल्या बिळात वस्ती आहे ते ताजी, ओलसर मातीच सांगते. आधी वस्ती ओळखायची, मग हात घालायचा. गाडीलाही हीच पद्धत लागू पडते. रात्री टायरांभोवती चाळलेली राख किंवा रांगोळी पातळ पसरा आणि सकाळी पाहा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधे शेपटीची रेघ, असा ठसा दिसला तर पाहुणा आलेला आहे.

आता उपाय. तंबाखूची पुडी, डांबरगोळ्या, कापूर, फिनेल, सगळ्यांचा भर वासावर. इंजिनच्या उष्णतेने वास दोन-चार दिवसांत उडतो, आणि उरला तरी उंदराला त्याची सवय होते. बंद कारमध्ये डांबरगोळ्या ठेवल्या तर त्यांची वाफ आपल्याच नाकात जाते. अल्ट्रासॉनिक यंत्रांची कल्पना चांगली आहे, कारण उंदरांची बोलीच त्या पट्टीत चालते: घाबरले की 22 किलोहर्ट्‌झच्या आसपास, खेळात असले की 50 च्या. आपल्या कानांची धाव 20 पर्यंतच. पण हा आवाज प्लॅस्टिकच्या साध्या कव्हरनेही अडतो, आणि ज्या आवाजाने काही बिघडत नाही त्याकडे उंदीर लवकरच काणाडोळा करतो. मिरचीत मात्र तथ्य आहे. तिच्यातलं कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारी जी कळ असते तीच दाबतं. या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांना ते झोंबत नाही, उंदराला झोंबतं. म्हणून कॅप्सायसिन लावलेली टेप वायरींवर गुंडाळायला मिळते. नुसती मिरचीपूड टाकली तर पुढच्या दुरुस्तीत तिचा प्रसाद मेकॅनिकला.

विषाचा विचार सावधपणे करावा. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून नवं खाणं तो आधी चाखून पाहतो. पोट बिघडलं तर ती चव पुन्हा तोंडात घेत नाही. जॉन गार्सिया यांनी 1955 मध्ये ही स्मरणशक्ती प्रयोगाने दाखवली. शिवाय विष खाऊन तो मेला तर बॉनेटखालीच कुजतो, आणि बाहेर मेला तर ते विष त्याला खाणाऱ्या गव्हाणी घुबडाच्या पोटात जातं. घुबड आणि धामण हे फुकटचे राखणदार आहेत. धामण दिसली की काठी शोधणारा माणूस आपल्याच वायरिंगवर घाव घालतो.

उरतं ते सोपं आणि बिनखर्चाचं: गाडीचं बीळ होऊ द्यायचं नाही. भिंत, लाकडं आणि पेंढा यांपासून हातभर दूर, मोकळ्या जमिनीवर गाडी लावा. डिकीत डब्याचे खरकटे कण राहू देऊ नका. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि कारच्या हवेच्या वाटेला सहा मिलिमीटरहून बारीक छिद्रांची लोखंडी जाळी बसवून घ्या. कार बरेच दिवस उभी राहणार असेल आणि पावसाची भीती नसेल, तर बॉनेट उघडं ठेवा. उजेड आणि वारा आला की ती जागा त्याच्या कामाची राहत नाही. घरटं सापडलं तर कोरडं झटकू नका. लेप्टोची बाधा उंदराच्या मुतातून होते, म्हणून हातमोजे घाला, जंतुनाशकाने भिजवा आणि मगच काढा.

आणि गाडी हलती ठेवा. पिल्लं घालायला मादीला तीन आठवडे निवांत जागा हवी असते. जी जागा दिवसाआड थरथरते आणि निघून जाते, तिथे ती संसार मांडत नाही. गणपतीला आठ दिवस बाहेर जाणार असाल तर शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन जा, दिवसाआड एक फेरी मारा म्हणावं. आणि बजावून सांगा: सेल्फ मारायच्या आधी सीट उचलून बघा.