तोड झाडाची, भांडवल मुळात

आमच्या वाचकांत वखारवाले, सुतार व फर्निचर कारागीर पुष्कळ आहेत. यमुनानगरहून येणारे पॉप्लरचे प्लायवूड त्यांच्या रोजच्या हाताखालचे. याच पॉप्लरच्या कुळातील अॅस्पेन हे झाड अमेरिका व कॅनडात लाखो एकरांवर पसरले आहे. कागदाचा लगदा आणि चिपा दाबून केलेले बोर्ड यांसाठी त्याची तिथे मोठी तोड होते. तोडलेले जंगल पुन्हा उभे कसे राहते, हे लाकडाच्या धंद्यातील प्रत्येकाने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे शेतातील पॉप्लर तोडले की बहुधा नवी रोपे लावतात. अॅस्पेनला रोप लागत नाही. उसाचा खोडवा बुडख्यातून फुटतो, तर अॅस्पेनचे फुटवे जमिनीत आडव्या पसरलेल्या मुळांतून निघतात. अमेरिकेतील युटा राज्यात ‘पँडो’ नावाचे अॅस्पेनचे एक रान सुमारे 106 एकरांवर आहे. तिथली चाळीस हजारांहून अधिक खोडे एकाच मुळावळीची आहेत!

झाड उभे असते तोवर शेंड्याकडून उतरणारे संप्रेरक मुळांवरील कोंबांना दाबून ठेवते. झाड पडले की तो दाब उठतो, उन्हाने माती तापते आणि मुळांत साठलेल्या अन्नावर फुटवे जोर धरतात. पहिल्या वर्षी ते हेक्टरी कित्येक हजार असतात. पुढे चढाओढीत बहुतेक मरतात. उरलेली झाडे साधारण 40 ते 60 वर्षांत तोडीला येतात. अर्धी झाडे राखून तोड केली तर सावलीमुळे फुटवे उलट कमी येतात.

मग नुकसान कुठे होते? ओल्या जमिनीवर अवजड यंत्रे फिरवली की माती दबते, मुळे चेचतात. मिनेसोटा व मिशिगन राज्यांत 1990 च्या दशकापासून मुद्दाम माती दाबून प्रयोग झाले. भारी जमिनीत त्यामुळे नवी वाढ घटली. वाळूच्या जमिनीत दाबाचा फटका कमी बसला, पण लाकडाबरोबर फांद्या आणि पालापाचोळाही उचलून नेला तिथे वाढ मंदावली. म्हणून तिथले जाणते ठेकेदार हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर तोड करतात. नंतर कोवळे फुटवे हरणांपासून व गुरांपासून जपावे लागतात, ते वेगळेच.

यातून आम्ही घेतो तो धडा साधा आहे. चार दिवसांची घाई करून चिखलात यंत्र घालणाऱ्याला माल आज स्वस्त पडतो, पण त्याची किंमत पुढची पिढी मोजते. लाकूड हे व्याज आहे. मुद्दल जमिनीखाली आहे. तोडीचा ठेका देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही भावाइतकीच त्या मुद्दलाची चौकशी करावी.